लांडगिणीचं घर कुणाला सांगितलं

३ फेब्रुवारी, शिरूर अनंतपाळ

सापडलं एकदाचं! गायरानाच्या पलीकडच्या लवणात, म्हणजे खोलगट भागात, उतारावर तरवडाच्या झुडपाखाली लांडगिणीचं घर. दुर्बिणीतून पिल्लं दिसली, मातीच्याच रंगाची, एकमेकांच्या अंगावर लोळत होती. कामातला जोडीदार मारुती शेजारी पालथा पडून आवाज न करता हसत होता. मला तर रडूच आलं. एम.एस्सी. करून इतके दिवस नुसती लांडग्यांची विष्ठा पिशव्यांत भरत हिंडले, तेव्हा कुठे हे दिसलं.

प्रकल्पाच्या सरांना पुण्याला फोन केला. खूश झाले, आणि लगेच तंबी. जागा तिघांतच राहिली पाहिजे: ते, मी, मारुती. बरोबरच आहे. गावात कळलं की कुणीतरी जाऊन बिळात धूर कोंडतो.

७ फेब्रुवारी

घरमालकीण काकूंनी फ्रीजमधली पिशवी वर धरून विचारलं, "हे काय हाय गं?" खरं सांगितलं. लांडग्यानं काय खाल्लं ते यातून कळतं, म्हटलं. संध्याकाळपासून त्यांचं दूध शेजारणीच्या फ्रीजमध्ये. करणी-बिरणीचा शक आला असावा.

गावात वेगळाच शक. पारावरचा एकजण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "सर्वे करून राहिलेत म्हंजी जमीन जानार." लांडग्यांसाठी गायरान सरकार घेणार, अशी हूल आहे. मी कितीही सांगितलं तरी मान डोलावतात आणि मी वळले की परत सुरू.

११ फेब्रुवारी

मा. (मारुती) हल्ली फोन आला की उठून लांब जातो. आधी असं नव्हतं, बायकोशी भांडणसुद्धा माझ्यासमोरच व्हायचं.

आज वारा माझ्याकडे होता. तुकडे ऐकू आले. "मामा, ऐक तर... लवणाकडं न्हाई... मी सांगून राहिलो ना तुला..." मी जवळ गेल्यावर फोन खिशात. "कोण रे?" "कोन न्हाई ताई, घरचं."

मामा म्हणजे मेंढरंवाला मामा. मागच्या महिन्यात त्याचं कोकरू लांडग्यानं नेलं. तेव्हा मा.च सांगत होता, मामा लई तापलाय म्हणून. आता त्याच मामाला लवणाचं सांगायचं कारण काय?

१४ फेब्रुवारी

सरांचा फोन. पुढच्या वर्षी प्रकल्पात आम्हा दोघांतली एकच जागा राहणार. आवाज एकदम मऊ. "तू शिकलेली आहेस, तुला कळतं. मारुतीवर जरा लक्ष ठेव. काही वावगं दिसलं तर थेट मला." हो म्हटलं. नाही कशी म्हणणार?

मग भोकरहून बाबा. जयभीम झाल्या झाल्या भरतीचा विषय. "वनरक्षकाची जाहिरात निघाली की फारम भर. कायमची नोकरी हाय. तुझं हे दर सालचं कुठवर?" उन्हात पळायची तयारी कर, असंही म्हणाले. मी चिडले. मला लांडगेच करायचेत. नंतर वाईट वाटलं. ते चुकीचं कुठे बोलतात?

आता मा.वरचा माझा संशय खरा, की जागा एक आहे म्हणून आलेला? माझं मलाच सांगता येईना. फोनचं मात्र मी आधीच ऐकलं होतं. हे इथे लिहून ठेवलेलं बरं.

१७ फेब्रुवारी

लवणाला लागून ज्यांचं तुरीचं रान रिकामं झालंय, त्या पाटलांच्या शेतात मामाची मेंढरं बसणार होती, खतासाठी. दरवर्षी बसतात म्हणे. आज पाहिलं तर कळप दुसरीकडेच, ओढ्याच्या अलीकडे. मा.ला विचारलं. "मला काय मालूम ताई, मामाची मर्जी." माझ्याकडे न बघता बोलला. खोटं बोलताना तो कान खाजवतो. खाजवत होता.

कळप लांब नेला म्हणजे काहीतरी करायचं ठरलंय आणि आळ यायला नको, असंच ना?

२० फेब्रुवारी

घर रिकामं.

पिल्लं नाहीत, आई नाही. तोंडाशी चपलांचे ठसे, टायरच्या तळाची चप्पल. धुराचा वास नाही, रक्त नाही, खणल्याची खूण नाही. आईनंच हलवली असतील तर बरं. नसतील तर...

मा. ठशांपाशी बसून राहिला. "मानूस येऊन गेलं," एवढंच म्हणाला. विती लावून ठसे परत परत मोजत राहिला. मला वाटलं, नाटकं करतोय. हो, वाटलं.

टेकडीवर रेंज आली तशी सरांना ठशांचे फोटो धाडले. खाली लिहिलं: मारुतीनं जागा मामाला सांगितली असावी, फोनवर बोलताना मी ऐकलंय. पाठवल्यावर पाच मिनिटांत पुसायला गेले तर दोन्ही टिक निळ्या झालेल्या, सरांनी वाचलं होतं.

२१ फेब्रुवारी

मामाच्या तळावर एकटीच गेले. जाब विचारायला.

मामांनी आधी चहा दिला, मेंढीच्या दुधाचा. मग म्हणाले, "हाव, मारुतीनं सांगितलं की. त्या लवणात लांडगीन व्यालीय, तू मेंढरं तिथं बसवू नगस. तुझीबी जातील आन तीबी जाईल. बराबर बोललं पोरगं."

मग पुढे गावात कुणी सांगितलं?

मामांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "पाटलाला शबुद दिलेला हुता ताई. तोंडचा शबुद मोडायचा तर कारन द्यावं लागतंय. नुसतं न्हाई म्हनलं तर म्होरल्या साली कोन रानात बसू देईल? लई खोदून इचारलं, मंग खरं ते सांगितलं. त्यो जाऊन बगून आला. मारलं न्हाई म्हनतो. त्यो हुता तवर आई फिरकली न्हाई, पिल्लांचं पुढं काय झालं ठाव न्हाई म्हनतो."

खरं-खोटं पाटलाला ठाऊक. त्यांच्या दारात गेले, कडी आतून. चप्पल बाहेर, टायरची.

परतताना जीव थाऱ्यावर नव्हता. तिघांतच ठेवायचं हा आमचा नियम. पण मेंढरं कुणाच्या रानात बसणार हे पेरणीआधीच तोंडी ठरलेलं असतं, हे आमच्यापैकी कुणी धरलंच नव्हतं. मा. गप्प बसला असता तर कळप घराच्या तोंडाशीच बसला असता. तो बोलला तर हे झालं. आणि मला सांगितलं नाही, कारण मी लगेच सरांना सांगितलं असतं. सांगितलंच.

२२ फेब्रुवारी

सर लातूरला आलेत. सकाळी मला एकटीला विश्रामगृहावर बोलावलं. मामांचं सगळं सांगितलं. मारुतीचा हेतू चांगला होता, माझा मेसेज घाईचा होता, चुकलं माझं, असं स्पष्ट म्हटलं. आवाज चढला माझा.

सर चष्मा पुसत राहिले. "परवा तू उलट लिहिलंस. आता त्याला का वाचवतेस? तुमचं आपसात काही ठरलंय का?" मग सहज म्हणाले, "मी त्यालाही विचारलं होतं, तुझ्याबद्दल." काय विचारलं, तो काय बोलला, काही नाही. फोन वाजला, मला जायची खूण.

म्हणजे आम्हा दोघांनाही एकमेकांवर लक्ष ठेवायला सांगितलेलं. राग आला, इतका की जिन्यात थांबावं लागलं.

मा. बाहेर गाडीपाशी उभा. आता त्याची पाळी.

"काय म्हनले सर?"

"तुला आत बोलावलंय."

"तुमी काय सांगितलं?"

"खरं तेच सांगितलं, मारुती."

त्यानं गाडीची किल्ली या हातातून त्या हातात घेतली. फोनवर सरांनी त्याला माझा मेसेज वाचून दाखवला होता, शब्द न शब्द. हे त्यानं मला आता सांगितलं, अगदी हळू.

"मंग खरं कोंचं ताई? परवाचं का आजचं?"

आजचं, म्हटलं. त्यानं मान हलवली, पारावरची माणसं हलवतात तशी. त्यानं सरांना माझ्याबद्दल काय सांगितलं, ते विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. तो पायऱ्या चढून आत गेला. मी गाडीपाशी थांबलेय.