बाहेरगावची

२ फेब्रु. २०२१, मंगळ.
पर्थला लॉकडाऊन, पाच दिवस. आमच्या या सोन्याच्या खाणींच्या गावात, कालगुर्लीत, सगळं चालू. इराची सहावी कालच सुरू झाली. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मात्र स्वॅबच स्वॅब, दिवसभर मान वर नाही.

संध्याकाळी मेधाताईंचा फोन. नितीनच्या या चुलत बहिणीला पर्थमध्ये काहीही झालं तरी आधी मी आठवते. "तुमच्या शाळा उघड्या, आमच्या बंद. मार्चमधली परीक्षा मात्र एकच. हे फेअर आहे का, तूच सांग." त्यांचा रोहनही बसतोय ना त्याच परीक्षेला. म्हटलं, ताई, पाच दिवसांचं काय घेऊन बसलात? तुमच्या घरून चालत जाता येतील असे क्लास आहेत. इथे सहाशे किलोमीटरमध्ये एक नाही. इरा माझ्याजवळ शिकते, मी शिफ्टवरून आल्यावर, भाजी चिरता चिरता.
"अगं पण शाळा इथे आहे ना."
हो, इमारत तिथे आहे. पण अख्ख्या राज्याला मिळून ती एकच सरकारी निवडक शाळा, परीक्षेतल्या मार्कांवर प्रवेश देणारी. मेधाताईंच्या अंगणात आली म्हणून त्यांची झाली?

हे शेवटचं फोन ठेवल्यावर सुचलं. नेहमीचंच.

१४ फेब्रु., रवि.
परीक्षेचं सेंटर पर्थ घेतलं. नितीन बघतच राहिला. "इथे गावात सेंटर आहे वैशू. दहा मिनिटांवर."
म्हणूनच नको. इथे दिली तर सोमवारी सगळ्यांना माहीत. इथली मराठी घरं चार, आणि चारही घरांना लांब कान. समजा नाही मिळाली जागा, तर पुढचं वर्षभर "इराचं काय झालं गं?" ऐकत बसू? झाकली मूठ बरी. नजर वगैरे मी मानत नाही. पण लागते.
विमानही नको, एअरपोर्टवर कोणीतरी भेटतंच. गाडीनेच जाऊ. नितीन म्हणाला, "आपण परीक्षेला चाललोय की दरोडा घालायला?" खाणीतली माणसं विनोद पण जड करतात.
इराला बजावलं, शाळेत बोलायचं नाही. "आई, धिस इज सो वीअर्ड."

१२ मार्च, शुक्र. पर्थ, मेधाताईंकडे.
हसू की रडू.
पहाटे निघालो. नितीनची शिफ्ट, म्हणून मी आणि इराच. निम्म्या वाटेवर रोडहाउसला थांबलो, पेट्रोल आणि इराला चिप्स. आत टेबलावर केतकी. आमच्या मागच्या रस्त्यावर राहणारी केतकी, परवाच माझ्याकडून विरजण घेऊन गेली होती. शेजारी नील, इराच्याच वर्गातला.
"अगं तू?"
"अगं तू?"
मी म्हटलं, सहज, इंडियन ग्रोसरीला. ती म्हणाली, आम्हीपण, गोडा मसाला संपलाय. सहाशे किलोमीटर, गोड्या मसाल्यासाठी. दोघी अगदी गंभीर चेहऱ्याने उभ्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.
तेवढ्यात नीलने टेबलाखालून सरावाचं पुस्तक काढलं. डिट्टो इराचं. इराकडे बघून म्हणाला, "यू डूइंग इट टू? सिक." म्हणजे भारी म्हणे. आणि ही म्हणाली, "माय मम सेड इट्स अ सीक्रेट." "माइन टू."
कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. केतकी आधी हसली, मग मी. मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत दोघी. सहा महिने दोघी एकाच परीक्षेसाठी मुलांना जुंपत होतो, एकमेकींपासून लपवत. नीलचं इंग्रजी लिखाण पक्कं, इराचं गणित. एकत्र बसवली असती तर... आता काय. मूर्ख बाया आहोत आम्ही.
पुढचा रस्ता दोन्ही गाड्या मागेपुढे. मुलं तिच्या गाडीत, एकमेकांना प्रश्न विचारत.

१३ मार्च, शनि.
सकाळी हातावर दही-साखर दिली. मेधाताईंनी रोहनला दिली तशीच इरालाही दिली, हे लिहून ठेवते. माणूस वाईट नाही.
इरा बाहेर आली ती हसत. "इट वॉज ओके." अधिक काही विचारायचं नाही, असं ठरलंय.

कालचं जेवतानाचं मात्र डोक्यातून जात नाही. मेधाताई वाढता वाढता: "राग मानू नकोस वैशाली, पण तुम्ही तिकडे गेलात ते पगार चांगला म्हणून ना? मग पगारही तिकडचा आणि शाळाही इकडची, असं कसं? पुण्यातसुद्धा हेच व्हायचं. बाहेरगावची मुलं यायची आणि आमच्या जागा जायच्या."
मी बार्शीची. अकरावीला पुण्यात आले, हॉस्टेलवर राहिले. ‘बाहेरगावची’ हाच शब्द, पहिल्या बाकावरून, मला ऐकू येईल अशा बेताने. मी बार्शीची हे मेधाताई विसरल्या असतील, किंवा नसतीलही.
मी भात कालवत राहिले. इरा समोर होती ना. आपलेच दात, आपलेच ओठ. पण आता लिहिते: मी कोणाची जागा घेतली नव्हती. मार्क माझे होते. जागा माझी होती.
आणि पगार म्हणे. कालगुर्लीच्या हॉस्पिटलात कोणी यायला तयार नाही म्हणून आम्ही आहोत. पर्थला सोनं लागतं ते चालतं, सोन्याच्या गावातली पोर मात्र नको.

२५ एप्रिल, रवि.
पर्थला परत तीन दिवस लॉकडाऊन. घरी बसून लोकांना उद्योग सुचतात. पर्थ-कालगुर्लीच्या मराठी ग्रुपवर एका बाईंनी अर्ज फिरवलाय: निवडक शाळेत पहिला हक्क जवळ राहणाऱ्या मुलांचा. लांबून येणाऱ्यांना उरल्या तर. खाली सह्या. चौथी सही मेधाताईंची.
दोनदा वाचली. इराने सहा आठवड्यांपूर्वी त्यांच्या हातची दही-साखर खाल्लीय.
मग लिहिलंच ग्रुपवर. "आमच्या मुलीने हीच परीक्षा दिली. कालगुर्लीत सेंटर असून पर्थला येऊन दिली, कारण तुम्हा सगळ्यांपासून लपवायचं होतं. आता लपवत नाही. तिला मार्क कमी पडले तर जागा देऊ नका. मार्क पुरले तर ती किती लांब राहते हे विचारू नका. आपण सगळेच इथे सात हजार किलोमीटरवरून आलोय. जवळ राहणाऱ्यांचा पहिला हक्क, हा नियम आपल्याला लावला असता तर?"
पाठवलं.
मग केतकी: "माझ्या नीलनेही दिली. मी वैशालीबरोबर." मग एक अंगठा. मग कोणीतरी नागपूरच्या उन्हाळ्याचा जोक टाकला.
नितीन म्हणाला, ताईशी वाकडं घेतलंस, जागा मिळालीच तर इरा राहणार कुठे? खरं आहे. बेत असा होता की आई बार्शीहून येईल, मे. ताईंच्या मागच्या खोलीत दोघी राहतील. आता विमानं बंद. बार्शीत बेड मिळत नाहीयेत आणि मी इथे कसल्या जागांवरून भांडतेय. आई फोनवर म्हणाली, "भांड. मला बरं वाटतं तू भांडलीस की."

८ जुलै, गुरु.
मिळाली.
मिळाली मिळाली मिळाली.
लॅबच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. इरा म्हणाली, "कूल," आणि मग अर्धा तास ट्रॅम्पोलिनवर.
नीलला नाही. रोहनला नाही, तो वेटिंगवर.
केतकी रात्री आली, वाटीत शिरा. "खोटं नाही बोलत, दुपारभर मला तुझा राग आला होता. मग म्हटलं, गावातलं कोणीतरी चाललंय." आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्यानेच शिरा खाल्ला. मी जिंकले आणि ती हरली, आणि शिरा तिने केला.

९ जुलै, शुक्र.
मेधाताई. अभिनंदन वगैरे अगदी थोडक्यात. मग: "तू तिला खरंच पाठवणार आहेस? अकरा वर्षांची पोर, तुझी आई येऊ शकत नाही, नितीनची खाण, तुझं हॉस्पिटल. उगाच हट्टाने जागा अडवून ठेवू नकोस. नसेल पाठवायचं तर लवकर कळव. इथे मुलं थांबलीत."
मुलं म्हणजे रोहन. सरळ नावही घेववलं नाही त्यांना.
म्हटलं, ताई, सही करण्याआधी माझ्याशी बोलला असतात तर आज हे बोलायला सोपं गेलं असतं.
त्या म्हणाल्या, "रोहन कालपासून जेवला नाहीये गं." आवाज वेगळाच होता. रोहनला मी पाळण्यात घातलंय.
पण नाही. दुसऱ्याचं पोर उपाशी म्हणून माझ्या पोरीने आपलं ताट सोडायचं, हे मी करणार नाही. वाईट म्हणा मला.

नितीनशी बोलणं, अर्धवट. हॉस्पिटल मला या काळात सोडणार नाही. सरकारी वसतिगृह आहे, खेड्यापाड्यातल्या मुलांसाठी, पण शनिवार-रविवारचं काय, आजारी पडली तर काय, पर्थच्या सीमा पुन्हा बंद झाल्या आणि आम्ही या बाजूला अडकलो तर...

११ जुलै, रवि.
आज ‘स्वीकार’ दाबलं. नितीन, मी, इरा, तिघांची बोटं एकावर एक. वसतिगृहाला अर्जही टाकला. कुठे राहील, कशी राहील, माहीत नाही. राहील.

मे. ताईंना कळवायचं होतं. मी फोन हातात घेऊन बसलेली. इराने काढून घेतला. "आय'ल डू इट."
स्पीकरवर.
"आत्या, मी येतेय." मराठीत. काय बोलायचं ते मी शिकवलं नव्हतं.
तिने फोन माझ्यापासून लांब धरला.
"आत्या, वीकेंडला मी तुझ्याकडे येऊ? मागच्या खोलीत? आणि रोहनला विचार ना, त्याला चालेल का. त्याला नको असेल तर इट्स ओके. मी हॉस्टेलवर राहीन."
नितीन भिंतीकडे बघतोय.
पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग मेधाताई, हळू: "थांब हं. विचारते त्याला."
त्यांनी फोन ठेवला नाही. पावलं लांब गेली, एक दार वाजलं. इरा फोन हातात धरून उभीच आहे.