प्राजक्ताने मला भाऊ म्हटलं

पाळी, डिचोली
सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४

गौरवीताई,

काल, रविवारी, प्राजक्ताने सगळ्यांसमोर मला ‘सर्वेशभाऊ’ म्हटलं आणि माझं सगळं तिथेच संपलं. आता रीतीचं लिहितो. आई बरी आहे, बाबांचा खोकला तसाच, तुम्ही दोघं मुरगावात मजेत असाल. फोन केला असता, पण तू मध्येच ‘कोण गो ही प्राजक्ता?’ म्हणून ओरडली असतीस.

डिचोलीच्या बाजारामागे एका भाड्याच्या हॉलात मराठी ख्रिस्ती मंडळी जमते. सावंतवाडी-कुडाळकडून खाणीवर, ट्रकवर कामाला आलेली माणसं. प्राजक्ता त्यांतली. गेल्या वर्षी गणेशचवथीला आरतीत मी मातीचं घुमट वाजवत होतो, ते तिने ऐकलं. म्हणाली, ‘आमच्याकडे गाणी मोबाईलवर लावून म्हणतात रे, तू येशील वाजवायला?’ तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी ‘हो’ म्हटलं. तेव्हापासून दर रविवारी जातो. आईला वाटतं देवळात तालीम असते. तसंच वाटू दे.

तिथे सगळे एकमेकांना भाऊ-बहीण म्हणतात. पास्टरांना साठीच्या बायासुद्धा तुषारभाऊ म्हणतात. प्राजक्ता शेंबड्या पोरांनाही भाऊ म्हणते, आणि मला? नुसतं ‘सर्वेश’. तूच सांग, मी काय समजायचं? आपल्याकडे नको असलेल्या पोराला पोरी पहिल्यांदा भाऊच करून टाकतात. मला नाही केलं! त्या एका गोष्टीवर मी वर्षभर जगलो. बाकीचेही मला भाऊ म्हणत नव्हते, ‘घुमटवाले’ म्हणायचे. पण बाकीच्यांकडे माझं लक्ष होतंच कुठे?

टायरच्या दुकानात का लागलो, हे तू कितीदा विचारलंस. ती समोरच्या औषधांच्या दुकानात असते. कॉलेज सोडलं, तेही त्यासाठीच. शिव्या नंतर घाल.

पास्टर महिनाभर एकच विषय घेत होते: कृपादानं. कुणाला शिकवायचं दान असतं, कुणाला आजाऱ्यापाशी बसायचं, कुणाला रांधून वाढायचं. ते स्वतःसाठी नसतं, मंडळी उभी राहावी म्हणून असतं. मला वाटायचं, बोलायला काय जातंय. पण तिथे शंभूकाका म्हणून आहेत. जन्मभर ट्रक चालवून कानांनी कमी ऐकू येतं. खाण बंद झाल्यापासून मागे दारापाशी गप्प बसून असायचे. मागच्या महिन्यात माझ्या घुमटावर एकदम गायला लागले. बेसूर, पण छाती फोडून. त्यांची बायको रडायलाच लागली. माझ्या अंगावर काटा आला, ताई. हे मी कुणालाच बोललो नव्हतो.

काल पास्टर म्हणाले, ‘ज्याला आपलं दान मंडळीला द्यायचंय, त्याने पुढे यावं.’ प्राजक्ताने माझ्याकडे पाहिलं. मी उठलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, सगळ्यांनी ‘आमेन’ म्हटलं. आणि ती हसत पुढे आली.

‘सर्वेशभाऊ, तुम्ही फार चांगलं केलंत!’

तुम्ही! मी तिथेच विचारलं, ‘भाऊ काय म्हणतेस?’

‘मग काय म्हणू? आता आमच्यातले झालात ना.’

‘इतके दिवस का नाही म्हटलंस?’

‘इतके दिवस पाहुणे होतात.’

पाहुणा! मी ज्याला प्रेम समजत होतो, ते पाहुण्याला दाखवलेलं अंतर होतं. आणि तिच्याजवळ जायला म्हणून उठलो, त्यानेच तिचा भाऊ झालो.

‘माझं दान मी परत घेतो!’ मी ओरडलो. पास्टर म्हणाले, ‘बाबा, जरा बस.’ तेव्हा तिला कळलं. तोंड पांढरंफटक झालं तिचं.

‘सर्वेश, मला खरंच माहीत नव्हतं.’

ताई, तिला माहीतच नव्हतं! टायरच्या दुकानातली सगळी पोरं मला तिच्यावरून चिडवायची, आणि तिला माहीत नव्हतं.

मी घुमट उचललं आणि निघालो. दारापाशी शंभूकाकांनी पाय आवरून मला वाट दिली. त्यांना यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. माझा हात धरून म्हणाले, ‘पुढल्या रविवारी ते दुसरं गाणं घेऊया हां. घरी पाठ करतोय.’

मी घुमट त्यांच्या मांडीवर ठेवलं. ‘सांभाळा,’ म्हटलं. का, ते मला विचारू नकोस. मग बाहेर पडलो. दार आपटणार होतो. नाही आपटलं. हळूच लावून घेतलं.

तुझा
सर्वेश