डोंगराआडची घटिका

वाई, पौष शुद्ध पंचमी, शके १८६८

प्रिय जयपाल,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. बेळगावचं शाळेचं काम आटोपून तू घरी परतलास, बरं झालं. वहिनींनी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली आहे. त्यांना बोल लावू नकोस, मीच तसं सांगितलं होतं. मार्गशीर्षातल्या चंद्रग्रहणाला, तू बेळगावात असताना, मी सांगलीत तुझ्या घराच्या धाब्यावर होतो.

गेल्या साली सातारच्या सभेत तुमचं मंडळ आणि आमचं मंडळ एकच पंचांग काढायला बसलं, आणि पंचांगाऐवजी भांडण निघालं. तुम्ही दुर्बिणीतून दिसणाऱ्या आकाशाशी जुळणारं गणित घेता, आम्ही जुन्या ग्रंथाचं. आमच्या मंडळाचे प्रमुख भाऊसो म्हणाले, जैन मास्तरानं आम्हाला एकादशी शिकवू नये. तू उठून गेलास. इकडे शेजारच्या मळ्यातली सुलाबाई ऊस तोडता तोडता मला विचारते, "आवं जोशीकाका, देव येकच हाय न्हवं? मग माहेरची एकादशी आज न् सासरची उद्या, आमी दोनदा उपाशी कशापायी?" मी हसून पुढे चालू लागलो.

जाताना तू दारातून म्हणाला होतास, "ग्रहण मोकळ्या माळावर मोजा, मग बोला." ते मला टोचलं होतं. कारण ग्रहणच तर आमचा पुरावा. वडिलांच्या वेळेपासून घाटावर सूर्य दिसला की आम्ही तळाला भोक असलेलं घटिकापात्र पाण्यात सोडतो, दर घटकेला, म्हणजे चोवीस मिनिटांनी, बुडेल तसं मोजत जातो, आणि ग्रहणाचा स्पर्श ग्रंथात सांगितल्या घटकेलाच लागतो. याहून खरं काय असणार? पुढे एका सकाळी नदीवर अर्घ्य देताना सहज वर पाहिलं. आभाळ केव्हाचं उजळलेलं, पण सूर्य डोंगराआड. आमचा दिवस उगवून गेलेला असतो आणि आम्ही तो नंतर मोजायला घेतो.

म्हणून ते पात्र पिशवीत घालून सांगलीला आलो. तुमच्याकडे सूर्य सपाट शेतातून वर येतो. त्या क्षणी पात्र सोडलं आणि दिवसभर जागचा हललो नाही. सूर्यास्ताआधी जेवायचा तुमचा नेम, म्हणून वहिनींनी संध्याकाळी लवकर ताट वाढलं, तर माझे वेध दुपारीच लागलेले, अन्न वर्ज्य. त्या म्हणाल्या, "आवं भावजी, तुमचा वेध न् आमचा नेम, चूल पेटवायची तरी कवा?" चंद्राला स्पर्श झाला तेव्हा वाई-सांगलीच्या देशांतराचा, म्हणजे रेखांशाचा, फरक धरूनही आमचं गणित घटकाभराहून जास्त चुकलं होतं. तुमचं जुळलं. आमचा ग्रंथ स्पर्श जेवढा आधी सांगतो, जवळजवळ तेवढाच आमचा डोंगर आमची मोजणी उशिरा सुरू करतो. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या आणि आम्ही त्याला प्रचीती म्हणत होतो. मी जप केला, पात्र पुसलं आणि पहाटेची गाडी धरली.

आता एक तुलाही ऐकावं लागेल. तिथी कुठल्या पळाला सुरू झाली हे दुर्बीण सांगेल. पण ती दोन दिवसांत विभागली तर उपास कुठल्या दिवशी, हे आकाशात लिहिलेलं नसतं. तो निर्णय पिढ्यांनी बसवला आहे आणि तुमच्या मंडळाने तो जुनाट म्हणून टाकून दिला. गणित तुमचं, व्रतनिर्णय आमचा, आणि पुढे वाद झाला तर कशावरून ठरवायचं ते दोघांनी वादाआधीच ठरवायचं. असं झालं तरच पंचांग एक होईल. एकाने दुसऱ्याला गिळून होणार नाही.

माघ शुद्ध दशमीला सातारला पुन्हा सभा आहे. हे सगळं मी तिथे उभा राहून सांगणार. भाऊसोंनी आधीच बजावलं आहे, की असं बोललो तर पाडव्याला देवळात पंचांग वाचण्याचा आमच्या घराचा मान जाईल. जाऊ दे. हे तुला दुसऱ्याकडून कळलं असतं, तर तू नसलास की मी बोलणार नाही आणि माझा मान वाचेल, असं धरून तू सभा टाळली असतीस. तुझा स्वभाव मी गावच्या शाळेपासून ओळखतो. म्हणून आधी लिहितो. त्या सभेच्या पायऱ्या पुन्हा चढणार नाही असं तू म्हणाला होतास, तरी ये. जिंकल्यासारखा येऊ नकोस, आणि माझी कीव घेऊनही येऊ नकोस. मी बोलून खाली बसलो की व्रतनिर्णयाच्या बाजूने तू उभा राहा. जैन मास्तर आमच्या एकादशीसाठी बोलतोय हे त्यांना दिसू दे.

तुझाच,
यज्ञेश्वर