बाळाबाईचा भोपळा

निपाणी,
रविवार, ८ डिसेंबर २०२४

प्रिय आक्का,

तुला आणि दाजींना अंजनीचा प्रभूमध्ये सलाम. आम्ही इथं सुखरूप आहोत. गुंजीत थंडी लई वाढली असेल, दाजींचा खोकला कसा आहे? तुझ्या सौम्याचे पेपर चांगले गेले हे ऐकून बरं वाटलं.

फोनवर तू मधेच बोलतेस आणि मला रडू येतं, म्हणून लिहायला बसले. सगळं वाचून होईपर्यंत फोन करू नकोस.

कापणीच्या सणाला तू आली नाहीस. चर्चमधली उपासना झाल्यावर लोकांनी देवापुढं आणलेल्या जिनसांचा लिलाव झाला. तांदूळ, गूळ, केळीचा घड, एक कोंबडा. दरवर्षीसारखी ह्यांनी चढती बोली लावली आणि बाळाबाईचा भोपळा घेतला. टाळ्या पडल्या. मीही जरा ताठ बसले. बाळाबाई आपल्या मंडळीतलीच म्हातारी, हे कामाला आहेत त्याच कारखान्याला बिड्या वळून देते. ती स्वतः उठून आली, भोपळा ह्यांच्या हातात ठेवला आणि हळूच म्हणाली, "राजकुमार, माझ्याच छाटाच्या बिड्या इकून माझाच भोपळा घेतलास की रं."

रागानं नाही म्हणाली. पीठ संपलंय म्हणावं, तसं म्हणाली.

छाट म्हणजे काय ते तुला ठाऊक नसेल. बायका घरी वळलेल्या बिड्या कारखान्यात आणतात. तिथला तपासणारा खराब निघालेल्या बाजूला काढतो, त्यांची मजुरी मिळत नाही. ती छाट. आणि तपासणारे म्हणजे हे.

घरी येताना मी विचारलं, "म्हातारी काय बोलली ती?" ह्यांनी भोपळा दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाले, "खरं तेच बोलली."

चांगल्या बिड्याही छाटात ढकलायच्या आणि बाहेर विकायच्या, असं कित्येक वर्षं चाललं होतं. आमची गाडी, फ्रीज, सौम्याला दर नाताळला घेतलेला ड्रेस, सगळं त्यातलंच आक्का. रोजच्या भाकरीची प्रार्थना आम्ही करत होतो आणि भाकरी दुसऱ्याच्या तव्यावरची उचलत होतो.

दुसऱ्या दिवशी हे साठवलेले पैसे घेऊन पाळकसाहेबांकडं गेले. मीही बरोबर होते. "देवळाचा पत्रा गळतोय, त्याला घ्या," म्हणाले. पाळकसाहेबांनी आधी सगळं ऐकून घेतलं आणि पिशवी परत ह्यांच्याकडं सरकवली.

"पत्रा गळू दे. ज्या बायकांच्या पदरातलं काढलंस, त्यांच्या पदरात घाल. देव गरिबाच्या चोरीत वाटा घेत नाही."

"मग मला माफी न्हाय?" ह्यांनी विचारलं.

"माफी आहे. म्हणून तर परत करायला सांगतोय. घाबरून नको करूस, मोकळा होऊन कर."

मला मात्र राग आला. देवाला दिलं असतं तर मिटलं असतं, गावभर नाव कशाला घालवायचं, असं घरी येऊन भांडले. दुसऱ्या सकाळी कारखान्यात जाऊन ह्यांनी मालकाला सगळं सांगितलं. मालक म्हणाला, सगळीकडं हेच चालतं, तू कशाला तोंड उघडतोस? उद्या सगळ्या बायका माझ्या दारात येतील. त्याच दिवशी नोकरी गेली.

मग हे एकेकीच्या घरी जायला लागले. कुणाचं किती घेतलं ते ह्यांनाही ठाऊक नव्हतं. "मावशी, तुमचं किती गेलं ते तुम्हीच सांगा," असं विचारायचे आणि ती सांगेल तेवढं द्यायचे. मालूबाईनं पैसे घेतले आणि तोंडावर दार लावलं. शालूबाईनं ऐकवलं, "नोटा देशील, पर माझ्या पोरीची शाळा सुटली ती कशी देशील?" एकीनं तर वाट्टेल तो आकडा सांगितला. मी चिडले. "ती खोटं सांगतेय, कळतंय न्हवं तुम्हाला?"

"सांगू दे की," हे म्हणाले. "इतकी वर्षं माझा शब्द चालला. आता त्यांचा चालू दे."

त्या शब्दानं माझा राग गेला गं. पैसे पुरेनात म्हणून गाडी विकली होतीच, मग मी माझ्या बांगड्या आणून दिल्या.

बाळाबाईकडं सगळ्यांत शेवटी गेलो. तिनं एकेक नोट उजेडाला धरून बघितली, कमरेला खोचली, आणि म्हणाली, "व्हय, झालं. आता बसा, च्या ठेवते." हे तिच्या उंबऱ्यावर बसून लहान पोरासारखे रडले.

आता हे भाड्याचा टेम्पो चालवतात. निपाणीची भाजी बेळगावच्या मार्केटला नेतात. आधी कामावरनं आले की टीव्हीकडं तोंड करून बसायचे. आता जेवताना दिवसभरातलं बोलतात, हसतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस मला आत्ता भेटला असं वाटतंय.

आक्का, जे लिहायचं म्हणून बसले ते अजून राहिलंच. सौम्याच्या नर्सिंगच्या फीचे पैसे आम्ही देतो म्हणून सांगितलं होतं, ते आता नाहीत. ते तिचे नव्हते, आमचेही नव्हते. तुझ्या पोरीच्या तोंडचा घास काढला असं तुला वाटेल. वाटू दे, मी ऐकून घेईन. टेम्पोच्या कमाईतनं थोडे थोडे पाठवायचे असं हे म्हणताहेत. थोडेच असतील, पण कुठनं आले ते तिला कुणाच्याही पुढं सांगता येईल.

ह्यांना स्वतः येऊन तुझ्याशी बोलायचंय. नाताळ झाल्यावर येतील. दारातनं परत पाठवू नकोस.

तुझ्या शिव्यांची वाट बघणारी, आणि त्या खाऊनही सुखानं झोपणारी,
तुझी धाकटी
अंजनी