दोरी कापलेला नंदी

दिघोरी, १ ऑगस्ट १९८७
शाळेत विज्ञानशिक्षक म्हणून रुजू झालो. खोली झकास मिळाली! मागे काठोकाठ भरलेली बोडी, म्हणजे इकडचं लहान तळं, पलीकडे धानाची बांधी. बायको बाळंतपणाला माहेरी, म्हणून छोटी लेक सुमी माझ्याबरोबर आहे. घरमालकीण शकुनबाईंच्या ओसरीवर खिळ्याला बांधलेला, चाकांचा लाकडी नंदी पाहून ती हरखलीच. तो बाईंच्या धनीरामचा. पोरगा लहानपणीच या बोडीत बुडाला. तरी बाईंनी नंदी दिला. म्हणाल्या, लेकराले खेळू द्या जी, पन त्याची दोरी सोडू नका.

८ ऑगस्ट
तान्ह्या पोळ्याला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी नंदी मिरवतात तेव्हा, सुमीचा नंदी आपोआप चालेल, अशी फुशारकी शाळेत मारून बसलोय. एकाच सर्किट-पाटीवर मावणारा छोटा संगणक जवळ आहे, टेपरेकॉर्डरच्या दोन मोटारीही. नागपूरहून ड्रायव्हर चिप आणली. संगणकाच्या इवल्याशा प्रवाहावर मोटार फिरत नाही. चिप त्याचा हुकूम ऐकून बॅटरीचा प्रवाह मोटारींना सोडते. कागदावर किती सोपं! प्रत्यक्षात चाकं नुसती आचके देतात. वीज गेली की संगणक सगळं विसरतो, मग पुन्हा आकडे बडवत बसा. वैताग आहे नुसता! त्यात दोरी चाकात गुंतत होती. कापून टाकली.

१५ ऑगस्ट
सापडलं. बॅटरीची आणि संगणकाची ऋण तार एकमेकींना जोडलीच नव्हती. माझ्यासारखा गाढव मीच. जोडली आणि नंदी चालला! पण सरळ नाही, बोडीकडे वळतो. डाव्या मोटारीच्या तारा उजवीला लावल्या, उजवीच्या डावीला. आता उलट वळायला हवा. तरी बोडीकडेच! डोकं फुटायची वेळ आली.

शकुनबाईंनी कापलेली दोरी पाहिली आणि रडायलाच लागल्या. काहून कापली जी, तो आता धनीरामकडं जाऊन राहिला न. मी चिडून काहीबाही बोललो.

पोळा
सकाळपासून वीज नाही. संगणक कोरा. बॅटरी मीच काढून ठेवलेली. नंदी बोडीकडच्या कुंपणापाशी सापडला. चाकांना ओला चिखल. सुमी म्हणते, मी हात लावला नाही. ती खोटं बोलत नाही.

मला भीती वाटते.

तान्हा पोळा
चिप उपटून खिशात ठेवली. बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, दोरी बांधा, दोरी असली का तो कोठी नाही जात. सगळी पोरं नंदी घेऊन निघालीत, सुमी रडून रडून लाल. शेवटी नवी दोरी ओवली. सुटू नये म्हणून दुसरं टोक तिच्या मनगटाला बांधलं. पक्की गाठ, मीच मारली. आता काळजी नाही.

खिडकीतून दिसतेय. अंगणात नंदी ओढतेय—

नाही. ती ओढत नाहीये. नंदी पुढे आहे. दोरी ताणलेली— ती धावतेय, हात पुढे— चिप तर माझ्या खिशात— कुंपणाचं फाटक—

सुमे, ती गाठ