चर्चापानावरचं नाव

३ जुलै
मुक्त ज्ञानकोशात आमच्या गावाचं पान म्हणजे साडेतीन ओळी. तालुका, पिनकोड, आणि 'हे निसर्गरम्य गाव आहे'. एकतीस वर्षं नांदुऱ्याहून बातम्या पाठवल्या, जन्मगावाच्या नशिबी साडेतीन ओळी सहन होईनात. सकाळी बसून आठवडी बाजार, दर्गा, बुद्धविहार, नाल्याचा पूर, सगळं घातलं. 'निसर्गरम्य' काढलं. एक बाभूळबन आणि एक नाला, निसर्गरम्य कसलं.

दुपारी पाहतो तर चारपैकी तीन परिच्छेद गायब. कापणाऱ्याचं नाव 'रानमोगरा'. बाई की बुवा, कळायला मार्ग नाही. कारण दोन शब्दांत: संदर्भ नाही. आमच्या डेस्कवरचे साहेबही कापायचे, पण फोनवर दोन शिव्या तरी द्यायचे.

५ जुलै
नियम वाचतोय. समोरच्याचा हेतू चांगलाच आहे असं धरून चालायचं. पान कुणाच्या मालकीचं नाही. बोलायचं ते पानामागच्या 'चर्चा' पानावर, आणि खाली सही करायची. चार नागमोडी खुणा टंकल्या की नाव आणि वेळ आपोआप उमटते. पहिल्यांदा उमटली तेव्हा सुमनला हाक मारून दाखवली. ती म्हणाली, "तुमचं नाव पेपरात कमी छापून आलं काय?"

गॅझेटियरचा संदर्भ देऊन पुराचा परिच्छेद परत टाकला. राहिला. छान वाटलं, उगाच.

८ जुलै
गावात गेलो. स्टँडवर युनूसच्या मशीनजवळ तासभर बसलो. पाचवीपर्यंत एका पाटावर होतो आम्ही. टेलरिंग चालू आहे, नाल्यापलीकडची चार एकर पऱ्हाटीही तोच पाहतो. सहज विचारलं, यंदा शेतं इतकी स्वच्छ कशी? एक निंदणारी बाई दिसत नाही.

"निंदाले बाया भेटते कुठं आता? चोरबीटी लावली. फवारा मारला की तण जळते, पऱ्हाटी उभीच्या उभी राह्यते."

"बंदी आहे ना त्या बियाण्यावर?"

"बंदी हाये म्हणून तं चोर म्हन्ते! अर्ध गाव लावून राह्यलं, मी काय येडा हाव?" मग दोरा तोडता तोडता, "पेपरात नको टाकजो बे."

"पेपर सुटला माझा दीड वर्षापूर्वी."

"तुहा काय भरोसा. कुत्र्याचं शेपूट हायेस तू."

हसलो दोघंही.

९ जुलै
पानात 'शेती' असा नवा विभाग. शेवटचं वाक्य: अलीकडे गावात तणनाशक सहन करणाऱ्या, मंजुरी नसलेल्या कपाशीची लागवड वाढली आहे. कुणाचं नाव नाही. खोटं नाही. वीस मिनिटांत वाक्याच्या शेपटीला छोटी निळी पट्टी: संदर्भ हवा.

'सूत्रांनी सांगितले' इथे चालत नाही. माझी निम्मी कारकीर्द त्या दोन शब्दांवर गेली.

१० जुलै
पानामागच्या 'चर्चा'त रानमोगऱ्याला रीतसर कळवलं. डेस्कचा आमचा धर्म साधा होता. सूत्राचं नाव छापायचं नाही, पण डेस्कनं विचारलं तर डेस्कला सांगायचं, म्हणजे त्यांचीही खात्री पटते. तसंच लिहिलं. युनूस, पूर्ण नाव, स्टँडवर टेलर. स्वतः लागवड केलेली आहे. शेत नाल्यापलीकडे, दोन कडुनिंबांच्या मधलं. पडताळणी करायची असल्यास मी सोबत येईन. खाली सही केली, चार खुणांची. विसरलो नाही.

१२ जुलै
उत्तर आलं. "नमस्कार. प्रत्यक्ष ओळखीची व्यक्ती हा संदर्भ होऊ शकत नाही. छापील, तपासता येईल असा स्रोत द्यावा, अन्यथा वाक्य काढावं लागेल. सही बरोबर केलीत, आभार."

वाक्य काढलं गेलं. वाद घातला नाही. शेवटी ते डेस्क आहे.

१९ जुलै


दुपारी सुमनला म्हटलं, तुझ्या फोनवर गावाचं पान उघड, पूर कसा लिहिलाय ते वाच. ती ज्ञानकोशाची सदस्य नाही, काही नाही. तिनं पान उघडलं, बोट इकडेतिकडे लागलं, आणि वाचता वाचता थांबली.

"अहो, ह्यात युनूसभाईचं नाव काऊन आहे?"

मी म्हटलं, नसेल. तिनं फोन पुढे केला. चर्चापान. पूर्ण नाव. टेलर. दोन कडुनिंब. खाली माझी सही, वेळेसकट.

मला वाटत होतं ते पत्र आहे. रानमोगऱ्याला लिहिलेलं. ते पत्र नव्हतंच. ती चावडी होती. नऊ दिवस मी चावडीवर उभा राहून ओरडत होतो.

लगेच सगळं पुसलं. सुमनच्या फोनवर पुन्हा बघितलं, गेलेलं होतं. तरी बसवेना.

२० जुलै
परत आलंय.

सकाळी उघडलं तर माझा मजकूर जागच्या जागी, आणि माझ्या नावानं सूचना: "चर्चापानावरील संवाद पुसू नयेत, हा शिष्टाचार आहे. मजकूर पूर्ववत केला आहे." रानमोगराच. चांगल्या हेतूनं.

पुन्हा पुसू? पुसलं तर पुन्हा येईल, आणि दोघांची ओढाताण बघायला आणखी लोक जमतील. का पुसतोय ते लिहिलं, तर जे लपवायचं त्याच्याकडेच बोट. शिवाय 'इतिहास' म्हणून एक कळ आहे. ती दाबली की प्रत्येक जुनी आवृत्ती जशीच्या तशी. पुसलेलंही. कुणी पुसलं, केव्हा, तेसुद्धा.

पेपरचं बरं होतं. चुकलं तर दुसऱ्या दिवशी त्यात भजी बांधली जायची.

२१ जुलै
पेपरात तिसऱ्या पानावर: शेजारच्या तालुक्यात चोरबीटी शोधत कृषी खात्याचं पथक फिरतंय. शेतात शिरून पानं तोडतात, रसात पट्टी बुडवतात, दुसरी रेघ उमटली की नमुना प्रयोगशाळेत. गुन्हा पर्यावरणाच्या कायद्याखाली. जेल आहे त्यात.

पथकं माहिती कुठून काढतात ते मला ठाऊक आहे. बोंडअळीच्या साली त्याच खात्यातला एक साहेब मला फोन करायचा. "बातमीतलं ते शेत कोणाचं हो?" मी म्हणायचो, सूत्र. तो म्हणायचा, चहा प्यायला या. मी जायचो, चहा प्यायचो, सांगायचो नाही.

आता त्याला फोन करायची गरज नाही. गावाचं नाव टाकलं की पुरे.

सुमन म्हणते, "युनूसभाईले सांगून टाका. झाकून काय होते?"

सांगतो म्हटलं. आधी काढून टाकतो, मग सांगतो.

२३ जुलै
नियमांच्या पोटात सापडलं. खासगी माहिती उघड झाली असेल तर जुन्या आवृत्त्यासुद्धा लपवता येतात, पण ते फक्त प्रचालकांच्या हातात. विनंती चर्चापानावर करायची नाही, वेगळ्या पत्त्यावर मेल करायची. 'सार्वजनिक ठिकाणी विनंती केल्यास त्या माहितीकडे अधिक लक्ष वेधले जाते.' हे वाक्य तीनदा वाचलं. त्या दिवशी चिडून काही लिहिलं नाही, हे नशीब.

मेल केली. पाच ओळी. सहावी लिहिली आणि खोडली: कृपया लवकर करा, माणूस माझा मित्र आहे.

२५ जुलै
उत्तर नाही. प्रचालक म्हणजे हौसेनं काम करणारी माणसं, आपापल्या नोकऱ्या सांभाळून. त्यांना पाचची डेडलाईन नाही. मला आयुष्यभर होती. पाच वाजले की आजही घड्याळाकडे बघतो, आणि आता पाच वाजून गेल्यावरही बघत बसतो.

आकडे दिसतात अशी एक जागा सापडली. पान दिवसात किती वेळा उघडलं गेलं, ते. जूनमध्ये शून्य, एक, शून्य, शून्य. आमचं गाव बघायला कोण येणार. काल: चौदा.

चौदा कोण?

२६ जुलै
एकोणीस.

जेवण गेलं नाही. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस म्हणाला, "काका, तब्येत बरी नाही का?" दारात जीप थांबल्यासारखी वाटली. गॅसची गाडी होती.

संध्याकाळी लक्षात आलं. मी स्वतः दिवसातून किती वेळा उघडतो? माझ्या फोनवर, सुमनच्या फोनवर, जुन्या कॉम्प्युटरवर. मोजलं नाही. दहा? पंधरा? म्हणजे मीच ते. बहुतेक. पण चौदातला एक जरी दुसऱ्या कुणाचा असला तर

आता उघडायचं नाही असं ठरवलं. मग आकडा खरा दिसेल.

२७ जुलै
उघडलं. दोनदा.

२८ जुलै
झालं. सकाळी मेल: मजकूर काढून संबंधित आवृत्त्या लपवल्या आहेत. इतिहासाच्या यादीत माझ्या ओळीवर राखाडी रेघ मारलेली, दाबली तर काही उघडत नाही. सुमनच्या फोनवर पाहिलं. नाही. कॉम्प्युटरवर. नाही.

रानमोगऱ्याचीही वेगळी मेल. "मी ते पूर्ववत करायला नको होतं. त्या दिवशी मला फक्त 'मजकूर पुसला' एवढीच सूचना दिसली, आत काय आहे ते वाचलं नाही. माझे वडीलही कापूसवाले आहेत. माफ करा." मला राग नाही. न वाचता छापलेल्या ओळी माझ्याही खात्यात आहेत.

सुमन: "आता?"

"आता काय. गेलं ते."

"मी युनूसभाईचं इचारून राह्यली."

३० जुलै
सकाळच्या गाडीनं पिंपळगाव राजा, तिथून ॲपेनं गाव. यु. (आता वहीतही पूर्ण नाव नको) मशीनवर होता, शाळेचा गणवेश शिवत. मी बसलो. पाऊण तास दुसरंच बोललो. त्यानं मशीन थांबवलं.

"बोल ना बे. तोंड काऊन असं करून बसला, कोणी मेलं का?"

सांगितलं. नेटवर तुझं नाव लिहिलं गेलं माझ्याकडून, चोरबीटीच्या संदर्भात. चुकून. मला वाटलं खासगी आहे. अठरा दिवस होतं. आता काढलं.

आधी हसला. "मी नेटवर? फोटो होता का?"

मग हसणं थांबलं. "अठरा दिवस?"

"दिसत नाही आता कुणाला."

"दाखव."

फोन दिला. त्यानं राखाडी रेघेवर बोट दाबलं, पुन्हा दाबलं. काही नाही. फोन परत दिला. कापडाचा तुकडा उचलला, घडी केली, उलगडला.

"दिसत नाही, तं मले सांगाले काऊन आला? आतापर्यंत तू एकटाच भेत होता. आता मी बी भेईन."

मी फोन खिशात टाकला.

"दुसऱ्या कोणाचं नाव?"

"फक्त तुझं."

"वा! साऱ्या गावात मीच भेटलो." चहा मात्र त्यानंच सांगितला. निघताना म्हणाला, "पेपरात नको टाकजो म्हटलं होतं. पेपरात नाही टाकलं तू. जबानचा पक्का हायेस."

परतीच्या गाडीत लक्षात आलं, शेताचं सांगितलंच नाही. नाव लिहिलं म्हणालो. नाल्यापलीकडे, दोन कडुनिंबांच्या मधे, हेही लिहिलं होतं, ते जिभेवर आलं आणि मी चहाचा घोट घेतला.

सुमनला सांगितलं, सगळं सांगून आलो.

२ ऑगस्ट
पानाचे आकडे: एक. शून्य. शून्य. मी उघडलं नाही. म्हणजे ते बहुतेक मीच होतो.

बहुतेक. हा शब्द बातमीत आला की डेस्कवरचे साहेब त्याला गोल करायचे. खात्री कर, नाहीतर काढ.

५ ऑगस्ट
रानमोगऱ्यानं विचारलंय, तेव्हा न कापलेल्या दर्ग्याच्या परिच्छेदाला संदर्भ मिळेल का. उत्तर लिहायला बसलो. दर्ग्याची माहिती यु.च्या वडिलांकडून ऐकलेली. लिहिलं: संदर्भ नाही, परिच्छेद काढावा. सही केली.

९ ऑगस्ट
सव्वाबाराला यु.चा फोन. मागे मशीनचा आवाज नव्हता.

"गाडी आली होती. पांढरी. चौघं होते."

"कुठे?"

"गावात, नाही तं कुठं. चक्कीवर इचारलं त्याइनं, नाल्यापलीकडं जायाले रस्ता कोणता. तिघाचोघाच्या शेतातून पानं नेले. माह्याही."

"पट्टी?"

"दाखवली नाही. लिहून घेतलं, गेले. म्हने आठ दिवसानं समजते."

नाल्यापलीकडे दहा-बारा शेतं आहेत. गावाच्या अलीकडेही शंभर एकर पऱ्हाटी उभी आहे, सडकेला लागून, गाडीतून उतरायची गरज नाही. ती सोडून चिखलातून पलीकडे का गेले? चोरबीटीची कुणकुण अख्ख्या तालुक्याला होती. बियाणं विकणारा पकडला गेला असेल, त्यानं सांगितलं असेल. गावातलंच कुणी असेल. हे सगळं मी फोन कानाला लावून मनात म्हणत होतो. यु. वाट पाहत होता.

"ऐक ना," तो म्हणाला. बे नाही, शिवी नाही. "तू निरं नावच लिहिलं होतं ना? शेताचं काही नाही ना?"

सुमन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी. हातात पीठ.

म्हटलं, "मी येतो. दोनच्या गाडीनं."

"इचारलं काय अन् सांगून काय राह्यला?"

"येतो. समोर बसून सांगतो."

त्यानं फोन ठेवला नाही. मलाच ठेवावा लागला.

एक वीस झाले. बातमीत मुद्दा पहिल्या वाक्यात यायला हवा, एकतीस वर्षं तेच केलं. पहिलं वाक्य ठरलंय. ते त्याच्या डोळ्यांकडे बघून म्हणता येईल का, माहीत नाही. मग तो काय म्हणेल, तेही नाही. सुमननं छत्री काढून ठेवलीय. निघतो.