मार्च महिन्याचं पुस्तक

नॉर्डबी, मिनेसोटा
२३ सप्टेंबर १९८६

चि. जोरुन हिला ताईचे अ. आ.

पत्र उभ्याने वाचत असशील तर आधी बस.

काल चर्चच्या तळघरात आमच्या वाचनमंडळाने वर्षाची यादी ठरवली. पद्धत तीच. प्रत्येकीने एका पुस्तकाचं नाव चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकायची, ज्या क्रमाने निघतील तसे महिने लावायचे. फक्त मार्च डब्यात नसतो. मार्च म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ. त्या महिन्याला पश्चात्तापाचंच पुस्तक लागतं आणि ते ग्रंथालयातल्या फिलिसकाकू निवडतात. मागच्या वर्षी एका दरोडेखोराचं आत्मचरित्र होतं, आणि आम्ही सगळ्या त्याच्यावर जाम खूश होतो. यंदा काकू उभ्या राहून म्हणाल्या की एक नवी कादंबरी आली आहे, ‘दाराबाहेरचा हिवाळा’, कुणा जे. मार्शबाईंची, बायबलातल्या, घर सोडून जाऊन पश्चात्तापाने परतणाऱ्या उधळ्या पुत्राचीच गोष्ट आहे, फक्त पुत्राच्या जागी आई. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी कॉफी सांडली.

अजून बसलीच आहेस ना? चर्चा कोणी चालवायची ते आडनावांच्या क्रमाने ठरतं. मार्चची पाळी आईची आहे.

म्हणजे बघ, आई आपल्याला सोडून निघून गेली त्या हिवाळ्यावर तू लिहिलेलं पुस्तक आई स्वतः गावातल्या बायकांना समजावून सांगणार. तू नवऱ्याच्या आडनावाने लिहितेस हे इथे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही, पण वाचल्यावर कळायला काय लागतंय? ती आजारी मावशीकडे गेली आहे असं बाबांनी तेव्हा सांगितलं, आणि या बायकांनी ते आजवर जपलं. रोज कुणीतरी गरम नूडल्सचं भांडं दारात ठेवून जायची. एकीनेही विचारलं नाही की कोणती मावशी आणि कसला आजार. बाबा गेले तरी नाही. आता आईला या मंडळाशिवाय आहे काय? तेवढंही तिच्या हातून जाईल, याच विचाराने माझी झोप उडाली आहे.

आणि एक तक्रार आहे, ती करणारच. तुझ्या पुस्तकातली मुलगी एकुलती एक! अकराव्या वर्षी स्टुलावर चढून तुझी लापशी ढवळणारी मी कुठे गेले गं? मेले की काय?

काहीतरी सुचव. लोभ आहे, तूर्तास रागासकट.

तुझी ताई,
आर्लिस

सिअ‍ॅटल
४ ऑक्टोबर १९८६

ती. ताईस सा. न. वि. वि.

बसूनच वाचलं.

ताई, मला वाटलं होतं की पुस्तक शहरातल्या चार बायका वाचतील आणि विसरतील. नॉर्डबीत ते उपवासाला लावतील हे स्वप्नात तरी आलं असतं का? तू फिलिसकाकूंना गाठ. दुसरं पुस्तक सुचव. दरोडेखोर काय एकच असतो? त्याचा भाऊबंद मिळेल एखादा.

तुला का वगळलं ते सांगते, मग हवं तेवढं रागाव. तुला घालून लिहून पाहिलं. तू आलीस की त्या पोरीला भीतीच वाटेना. रात्री तू माझ्या पायांवर पाय ठेवून झोपायचीस, आठवतं? पुस्तकाला भीती हवी होती, म्हणून तुला काढलं. मेलेली नाहीस, बाई.

आईचं मात्र मला खरंच भय वाटतं. ती भांडणार नाही, हेच भय. नाताळला शुभेच्छांचं कार्ड येतं ना तिचं, खाली नुसतं ‘आई’ लिहिलेलं? ते यायचं थांबेल आणि पुन्हा कधी येणार नाही. तिला दुसरं काही करावंही लागणार नाही.

तुमचा सगळ्यांचा लोभ एरवी मी गृहीतच धरते. आज मागते आहे.

तुझी,
जोरुन

नॉर्डबी
१९ जानेवारी १९८७

चि. जोरुन हिला अ. आ.

इथे बर्फ खिडकीच्या कडेपर्यंत आलं आहे. आमच्या नवरोबाची, कार्लची, पाठ पुन्हा धरली आहे, पण कुरकुर करण्याइतपत तो बरा आहे.

मी हात टेकले. फिलिसकाकू म्हणाल्या की जिल्हा ग्रंथालयातून पेटीभर प्रती येऊन वाटूनही झाल्या, आता बदलायचं तर कारण सांगावं लागेल. आणि मग चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मी पळत घरी आले. नंतर आईला म्हटलं की तुझा गुडघा दुखतो, मार्च मी घेते. ती म्हणाली की मी गुडघ्याने वाचत नाही.

बायकांचं वाचून झालं आहे. कसं कळलं विचारशील. रविवारी उपासनेनंतर लव्हॉनकाकू, जिच्या जिभेला गावातले कुत्रेही घाबरतात, ती मला म्हणाली की पुस्तक वेगळंच आहे हो. आपल्याकडे ‘वेगळं आहे’ म्हणजे काय ते तुला सांगायला नको. मागच्या पाद्रीबाबांचं प्रवचन ‘वेगळं’ झालं होतं, ते वसंताच्या आत बदलून गेले.

खरी गोष्ट पुढेच आहे. आईच्या दारात भांडी यायला लागली आहेत. सोमवारी नूडल्स, बुधवारी बटाटे, शुक्रवारी पुन्हा नूडल्स. घरात आजारी कुणी नाही, मयत नाही. आईने एक झाकण उचललं, वास घेतला आणि मला विचारलं की कोण मेलं. मी म्हटलं की थंडी फार आहे ना, म्हणून असेल. काय बोलणार, कपाळ!

म्हणजे गावाला कळलं आहे. आईला कळलं आहे की नाही, देव जाणे. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पुस्तक घेऊन बसते, हातात पेन्सिल. मी गेले की पुस्तक मिटते आणि कॉफी घेणार का विचारते.

जोरुन, तू तिला लिही. मार्चच्या आत, स्वतःच्या हाताने. तिला लोकांच्या तोंडून कळलं तर मी तुला क्षमा करणार नाही. हे मी चेष्टेने लिहीत नाही.

तरीही तुझीच,
आर्लिस

सिअ‍ॅटल
१६ फेब्रुवारी १९८७

ती. ताईस सा. न. वि. वि.

लिहायला बसते आणि फाडते. ‘ती. आई’ एवढं लिहून होतं. पुढे लिहायचं काय? तू गेलीस त्याचं मी पुस्तक केलं, ते विकलं, परीक्षणंही बरी आली?

फाडताना रागही येतो. मी सहा वर्षांची होते गं. खिडकीशी बसून काचेवरचं बर्फ नखाने खरवडत होते. ती आली तेव्हा कोट काढला आणि बटाटे सोलायला बसली. एक शब्द नाही. बाबाही काही बोलले नाहीत, तूही नाही. मी कुणाला सांगायचं होतं? मी जे माझं होतं ते लिहिलं.

आणि मग वाटतं की ते तिचंही होतं.

ताई, तू काहीही कर. तिला सर्दी झाली म्हण, तळघरात पाणी शिरलं म्हण. मी भित्री आहे, मान्य. कठीण वेळी पळ काढणं मी कुणाकडून शिकले ते तू जाणतेसच. हे वाक्य खोडणार होते, पण राहू दे.

माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.

जोरुन

नॉर्डबी
११ मार्च १९८७

चि. जोरुन हिला अ. आ.

काल झालं. घाईत लिहिते आहे, अक्षर सांभाळून घे.

रस्ते निसरडे होते, तरी एकूण एक जणी आल्या. आई चांगला निळा ड्रेस घालून टेबलाच्या टोकाला बसली. केक तिने स्वतः केला होता. तिने विचारलं की पुस्तकाबद्दल कोणाला काय वाटतं. मग आपल्या बायकांनी जे काही केलं ते पाहायला तू हवी होतीस! एक म्हणाली की हे पलीकडच्या जिल्ह्यातलं गाव असावं, तिकडचे लोक तसेच. लव्हॉनकाकू म्हणाली की तिला तरी हे कुटुंब आपल्यासारखं नॉर्वेजियन नव्हे, स्वीडिश वाटतं. सगळ्यांनी घाईघाईने होकार दिला, स्वीडिशच, प्रश्नच नाही. आईकडे एकीनेही पाहिलं नाही. मी केकचा तुकडा घेऊन बसले होते, तो हातातच चुरला.

शेवटी फिलिसकाकूंनी समारोप केला की ती बिचारी थकलेली होती, आजारीच म्हणायची, पण तिला पश्चात्ताप झाला आणि ती परत आली, हे देवाचं देणं.

आईने पुस्तक मिटलं. म्हणाली की ती आजारी नव्हती, मी आजारी नव्हते. मावशीही आजारी नव्हती. मला मावशीच नाही, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. लिहिणारी माझी धाकटी आहे आणि तिने चांगलं लिहिलं आहे. पण पश्चात्ताप मला तेव्हा झाला नाही आणि अजूनही झालेला नाही, तेव्हा फिलिस, पुढच्या मार्चला पुस्तक नीट बघून निवड.

कॉफीचं भांडं तेवढं गुरगुरत होतं. मला वाटलं की संपलं, आता या बायका कोट घालतील आणि जातील. तेवढ्यात लव्हॉनकाकू, तीच ती, हुंदका आवरत आईला म्हणाली की बोर्गहिल्ड, जाताना मला हाक का मारली नाहीस, मीही आले असते.

मग काय, एकीमागून एक! कोण तबेल्यात जाऊन रडायची, कोणी एकदा ट्रेनचं तिकीट काढून ते चुलीत टाकलं होतं. पूर्ण अंधार पडेपर्यंत कुणी उठलं नाही. केक संपला. आईची जागा कुठे जात नाही गं, मी उगाच धास्तावले होते.

पण तुझ्याबद्दल ती घरी आल्यावर एक अक्षर बोललेली नाही. आज सकाळी फक्त टपालाचं तिकीट मागितलं. दिलं. काय लिहिते आहे ते विचारायची माझी छाती झाली नाही. धीर धर.

तुझी,
आर्लिस

नॉर्डबी
११ मार्च १९८७

चि. जोरुनला आईचा आशीर्वाद.

मला पत्रं लिहिता येत नाहीत. पुस्तक दोनदा वाचलं. चुका आहेत त्या सांगते.

बसमध्ये ती बाई रडते असं तू लिहिलं आहेस. मी रडले नाही. डुलूथला उतरले आणि स्टँडवरच्या खानावळीत पॅनकेक्स खाल्ले, गरम, बसून, पूर्ण ताटभर. मध्येच कुणी काही मागितलं नाही. तसं जेवण मी नंतर कधी जेवले नाही.

आर्लिसला काढलंस ते चूक. सहा वर्षांच्या पोरीला एकटीला टाकून मी गेले नसते. आर्लिसला लापशी जमायला लागली, त्याच आठवड्यात मी बॅग भरली. हे मी तिला काल रात्री सांगितलं. ती माझी वेणी घालत राहिली.

मुलीच्या तापाची बातमी कळून ती परत येते असं तू लिहिलंस. ताप आल्याचं मला कोणी कळवलं नव्हतं. मी एका शिवणाच्या दुकानात काम करत होते आणि बरी होते. पण दुपारी शाळा सुटायच्या वेळेला माझं मशीन थांबायचं. आपल्या वळणावर शाळेची बस गिअर बदलते तो आवाज ऐकायला कान लागायचे. डुलूथमध्ये कुठली ती बस? मालकीण ओरडायची. रोज मनाशी म्हणायचे की उद्या नाही ऐकणार. अख्खा हिवाळा गेला, पण ते ऐकणं थांबलं नाही. म्हणून आले. पश्चात्ताप वेगळा, हे वेगळं.

आल्यावर बटाटे सोलले, कारण तुझ्याकडे बघायची हिंमत नव्हती. तू खिडकीतून उठलीही नाहीस.

रागावले होते का? हो. लिहिलंस याचा राग नाही. माझ्याबद्दल सगळ्या देशाला सांगितलंस आणि मला एकदाही विचारलं नाहीस, याचा आहे. मीही कधी सांगितलं नाही, हे खरं.

आता विचार. पत्रात नको, माझं अक्षर इथेच संपलं. बर्फ वितळलं की रस्ता मोकळा होईल. ये, आणि समोर बसून विचार.

तुझी,
आई